द्राक्षांची रिकामी वाटी

सासूबाई आमच्या ढब्बूला सफरचंद भरवतात ते साल सोलून, बिया काढून, बारीक फोडी करून. सासऱ्यांना शुगर, म्हणून त्यांच्या वाट्याला उरतात त्या साली. आणि द्राक्षं कुत्र्याला विषासमान, असं जनावरांच्या डॉक्टरांनी बजावल्यापासून ती आमच्याकडे फडताळाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असतात.

आज नेमकी वाटी टेबलावर राहिली. मी कपडे वाळत घालून आले, तर वाटी रिकामी आणि टेबलाखाली ढब्बू जिभल्या चाटत बसलेला. सासूबाईंनी हंबरडाच फोडला. आम्ही त्याला तसाच उचलून गाडीत घातला.

"अगं, काही होत नाही त्याला. घरी चला," सासरे वाटभर एकच घोकत होते.

"मुक्या जिवाशी खेळ करता? काळीज आहे की दगड?" सासूबाई कडाडल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी उलटी व्हायचं इंजेक्शन भरलं. सुई बघताच ढब्बूने थरथरत सासऱ्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. सासऱ्यांना काही ते बघवेना.

"थांबा डॉक्टर, त्याला टोचू नका. द्राक्षं मी खाल्ली. याला फक्त एक बिस्कीट दिलं, गप्प बसायला."

सासूबाईंनी ढब्बूला टेबलावरून उचलून कडेवर घेतलं, त्याचे डोळे पदराने पुसले.

 

"डॉक्टर, इंजेक्शन भरलंच आहे, तर वाया नका घालवू. अहो, चढा टेबलावर!"