रुईचा चीक

पुजारी बंडोपंतांनी देवासाठी आणलेल्या रुईचं पान मोडलं आणि चीक दुखऱ्या दाढेत भरला. बायको सुधा हात धरेपर्यंत उशीर झाला होता. "अगं, देवाला वाहतो ते आपल्याला काहून बाधेल?" घटकाभरात ओठ सुजला, गाल तटतटला. सूज घशात उतरली तर नवऱ्याचा श्वास अडेल, हे सुधाला कळत होतं. "अहो, दवाखान्यात चला." "यजमान खोळंबलेत. अभिषेक उरकून जाऊ." "मग मंत्र म्हणून दाखवा." पोरांचे उच्चार आयुष्यभर सुधारत आलेल्या बंडोपंतांनी सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत जीभ घसरली. त्यांनी ओळ पुन्हा धरली, पुन्हा तेच. त्यांनी चपला घातल्या. सुधाने स्कूटी हिंगोलीच्या रस्त्याला वळवली. "म्हणत राहा," ती ओरडली, "थांबू नका, श्वास चालू आहे ते मला कळू दे." गाव सुटेपर्यंत तिला मागून शब्द ऐकू येत होते. पुढे नुसता सूर उरला.