दसऱ्याची बंदूक

मुंबईच्या बॉम्बस्फोटांनंतर शस्त्रं हुडकणाऱ्या पोलिसांना मुरबाडजवळ कुंडलिकच्या देव्हाऱ्याशेजारी बंदूक सापडली आणि त्यांनी त्याला उचललं. “सासऱ्यानं जर्मनच्या लढाईतून आनलीय वो, परवाना हाय,” बायको मैना ठाण्यात सांगून थकली. शस्त्रांच्या तपासनीसानं बंदुकीला भिंग लावलं. “जर्मन सेमी-ऑटोमॅटिकच आहे. एक्केचाळीसचं मॉडेल की त्रेचाळीसचं, ते कोरलेल्या अक्षरांवरून कळतं. अक्षरं परवान्याशी जुळली की नवरा सुटला. पण इथं सगळं गुळगुळीत!” “अक्षरं कोणी घासली, बाई?” फौजदारानं विचारलं. “मीच की,” मैना अभिमानानं म्हणाली. “दर दसऱ्याला पूजेआधी राख नि विटेची भुकटी लावून घासते. लख्ख नाय केली तर सासू वरडायची.” “लिहून घे, शस्त्रावरची खूण पुसल्याचा गुन्हा कबूल,” फौजदार हवालदाराला म्हणाला. चोरही इतकं इमानानं घासत नाही. निरक्षर मैना त्या पोलादावर अंगठा फिरवत राहिली, एखादं तरी अक्षर हाताला लागेल म्हणून.