उखाण्यातलं नाव

तुरीच्या शेंगा सोलायच्या सोडून लेक निशिगंधा मोबाइलवर वाचत होती. विद्यापीठाच्या ग्रंथालयानं जुने प्रबंध इंटरनेटवर सगळ्यांना खुले केले होते. त्यातला हा बायकांच्या उखाण्यांवरचा. “अमडापूरच्या बाजारात बांगड्यांचा थाट, उकंडरावांचं नाव घेते, नणंदबाई, सोडा वाट! बाबा, तुमी तं पुस्तकात गेले!” उकंडराव खुशीनं खाटेवर सावरून बसले. “तुह्या मायचाच उखाणा हाये हा.” निशिगंधाच्या आईच्या, शालूबाईंच्या हातातली शेंग मात्र तशीच राहिली. निशिगंधा पाळण्यात असताना ती संशोधक बाई घरी आली होती, आणि उखाणे सांगता सांगता शालूबाईंनी कुणालाच न सांगितलेली गोष्ट तिच्यापाशी बोलून टाकली होती. “तुमचं नाव बदलून लिहीन,” असा शब्द बाईनं दिला आणि पाळलाही. पण नवऱ्याचं नाव बदललं तर तो उखाणा कसला, म्हणून तेवढं तिनं तसंच ठेवलं. “खाली मायची कहाणी हाये,” म्हणत निशिगंधा वाचू लागली, “दुसऱ्या मुलीच्या वेळी मी मरता मरता वाचले. मग माहेरी जाऊन...” दुसरी मुलगी म्हणजे आपणच, हे लक्षात येऊन ती अडखळली. मुलगा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं सैलानीबाबाच्या दर्ग्याला अनवाणी जाणारे उकंडराव पुढे वाकले. “थांबली काऊन, माय? वाच नं.” शालूबाईंनी लेकीच्या हातातून मोबाइल काढून घेतला. “तिले नका वाचायले लावू,” त्या नवऱ्याकडे पाहत म्हणाल्या. “माह्या तोंडून ऐका. लेकरं बंद व्हायचं ऑपरेशन म्याच करून घेतलं होतं.”