कॅप्टनची टाच

आर्मांड सिल्वेरा बेशुद्ध होऊन पडला होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

कॉलेजच्या मागच्या मैदानात सरावासाठी बांधलेली सिमेंटची इमारत होती, तिच्या खालच्या खोलीत. आग नव्हती, पण यंत्राने इतका धूर सोडला होता की डोळ्यांपुढे धरलेला हात दिसेना. गावच्या अग्निशमन केंद्रातला कॅप्टन, शनिवारपुरता इथला मास्तर, वय सत्तावन्न, वजन दोनशे तीस पौंड. आणि छाती मात्र लपाछपीत लपलेल्या पोरासारखी धडधडत होती.

खरं तर इथे पडायचं काम अंकल बर्टचं. तो वाळू भरलेला एकशे पासष्ट पौंडांचा पुतळा. सकाळी जिन्यावर त्याची कंबर उसवली आणि वाळू सगळीकडे सांडली. "पुढच्या शनिवारी घेऊ," असं विभागप्रमुख लोर्ना क्विस्ट म्हणाली, पण ओतिलिया रेंतेरिया ऐकेना. ती संत्र्यांच्या पॅकिंगमध्ये पेट्या उचलायची. उंची जेमतेम पाच फूट. पुतळा चार मिनिटांत बाहेर काढण्यात दोनदा नापास झालेली. ही तिसरी आणि शेवटची संधी. ती गेली की अग्निशमनाच्या वर्गातली तेरा आठवड्यांची मेहनत पाण्यात. वर्गातल्या एका काटकुळ्या मुलाने "मी पडतो" म्हणून हात वर केला, तर हिने सरळ आर्मांडकडे बोट दाखवलं.

"मला हे द्या."

"अगं बाई, तो बैल आहे," लोर्ना म्हणाली.

"आगीत काय हडकुळेच अडकतात?"

आर्मांडला तेव्हाच शिट्टी मारावीशी वाटली होती. ही बाई करून दाखवणार, असं त्याने पहिल्याच आठवड्यात लोर्नाला सांगितलं होतं आणि लोर्ना हसली होती.

धाडकन दार उघडलं.

"अग्निशमन दल! कोणी आहे का आत?"

मुखवट्यातला घरघरता श्वास. भिंतीवर दांड्याची टकटक. उजवा हात भिंतीला लावून ती गुडघ्यांवर सरकत होती, अगदी शिकवलं होतं तशी. 'इकडे, इकडे!' असं ओरडावंसं वाटत होतं, त्याने ओठ दाबून धरले. मग एक जाड हातमोजा थेट त्याच्या नाकावर येऊन आदळला.

"सापडला! एक माणूस! मोठा!" ती ओरडली. मग हळूच म्हणाली, "फारच मोठा."

तिने त्याच्या कोटाला खांद्यापाशी धरून ओढ घेतली. तो हलला. फूटभर, मग आणखी फूटभर. सुरुवातीला बर्टला इंचभर हलवता येत नव्हतं हिला! आर्मांडचं रक्त सळसळायला लागलं. अर्धी खोली झाली, दार आलं आणि उंबऱ्याला त्याचे खांदे अडले. तिने एकदा ओढलं, दोनदा ओढलं, आणि थांबली.

नुसता श्वास ऐकू येत होता. माणूस फार वेळ स्तब्ध राहिला की इशारा देणारा भोंगा तिच्या पट्ट्याला होता, तो चिवचिवला. पुन्हा चिवचिवला. 'सोडू नकोस गं, आता सोडू नकोस.' तिसऱ्यांदा भोंगा वाजला आणि त्याला कळायच्या आत त्याची टाच जमिनीवर रोवली गेली. एकच रेटा. तो उंबऱ्यापलीकडे.

"पाय सोडा!" मुखवट्यातून ती कडाडली. "बेशुद्ध आहात ना तुम्ही? मी पट्टा बांधत होते!"

काखेखालून घातलेला पट्टा त्याला तेव्हा कुठे जाणवला. मागच्याच शनिवारी त्यानेच शिकवलेली गाठ होती ती. मग मात्र ती थांबलीच नाही. व्हरांडा, पायरी, ऊन, गवत. पोरांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं, कोणी हेल्मेट बडवायला लागलं. लोर्नाच्या एका हातात अर्धा डोनट होता, दुसऱ्या हाताने तिने घड्याळ थांबवलं.

"तीन मिनिटं बावीस सेकंद! पास!"

ओतिलियाने मुखवटा उपसून काढला. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले.

"लिहू नका. ह्यांनी टाच लावली."

शिट्ट्या एकदम थांबल्या. सगळे आर्मांडकडे बघायला लागले. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"एकदाच," तो गवतात बसल्या बसल्या म्हणाला. "उंबऱ्यापाशी."

लोर्नाने डोनट खाली ठेवला. "मास्तरची चूक म्हणजे हा प्रयत्न रद्द. पुन्हा करावं लागेल, आणि तू तर दमलीयस." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी काही ऐकलंच नाही, असंही होऊ शकतं."

"ऐकलंत तुम्ही. हवेचा नवा सिलिंडर द्या." मग ओतिलिया आर्मांडकडे वळली. "आणि कॅप्टन, ह्या खेपेला नीट बेशुद्ध पडा."

मागे कोणीतरी जोरात हेल्मेट बडवलं, मग सगळ्यांनीच.

आर्मांड जवळजवळ पळतच आत गेला. त्याच जागी उताणा झाला. ह्या बाईचा त्याला फार अभिमान वाटत होता, आणि भीतीही तितकीच वाटत होती. दार वाजलं. टकटक जवळ आली. हातमोज्याने खांदा चाचपला आणि ह्या वेळी पट्टा लगेच काखेखालून गेला.

त्याने मान सोडली. कंबर सोडली, गुडघे सोडले, टाचा सोडल्या. जितकं जड होता येतं तितका तो जड झाला.

पट्टा ताणला गेला. डोळे घट्ट मिटून तो पडून राहिला. मग उंबऱ्याची कड त्याच्या खांद्यांना लागली, आणि ओतिलियाच्या कण्हण्यासरशी, थांबत थांबत, पाठीखालून एकेक इंच पायांकडे सरकत गेली.