अंगावरचं दूध
वाटीतलं दूध आज बोटाच्या एकाच पेरापर्यंत आलं. आठवड्यापूर्वी ते दोन पेरं भरलं होतं. कापसातली सरकी काढायचं जिन उद्या सुरू होणार, कामावर जायचं, म्हणून द्वारका बाळासाठी मागं ठेवायचं दूध रोज हातानं काढून पाहत होती. हळीव खाल्ले, शेक घेतला, तरी वाढेना. “काळजीनं आटते,” म्हणत सासूनं तिळाएवढी अफू बोटावर घेतली. कामावर जाणाऱ्या बाया लेकरं अशीच निजवत. बाळाला सवय व्हावी म्हणून सासूनं आठवड्यापासूनच चाटवायला घेतली होती. तेव्हापासून बाळ रडत नव्हतं, अंगावर नीट ओढतही नव्हतं. शेजारच्या बानोचं मूल रडलं आणि द्वारकेची चोळी भिजली. तिनं सासूचं मनगट धरलं. “तुह्या नवऱ्यालेही चाटवली होती, मेला का तो?” सासू म्हणाली. “त्याच्या आधीचे दोघं कोठी हायेत, आत्या?” सासूचं बोट थांबलं. द्वारका म्हणाली, “रडू द्या दिवसभर, रडलं तंच ओढन, ओढलं तंच दूध येईन. याले आता अफू नाही.”