मालिनीबाईंची हार

ग्रँडमास्टर वामन टेंबे यंत्राला हरवून घरी आले. माणसांनी बुद्धिबळ सोडू नये म्हणून यंत्रे हल्ली मुद्दाम हरत. तोलामोलाचा खेळाडू भेटला तरच खरे खेळत. तसा अजून कुणी भेटला नव्हता.

त्यांची पत्नी मालिनी, तीही खेळाडूच, दारातच म्हणाली, "अहो, आज यंत्रानं मला हरवलं! पार धुव्वा उडवला मेल्यानं!"

टेंबे घाईघाईने म्हणाले, "तुझंच काहीतरी चुकलं असेल."

"चुकलं असतं तर जिंकले असते!"

"बस समोर. खेळ माझ्याशी."

तासाभरात टेंबे जिंकले. त्यांनी हळूच वर पाहिले. हरल्याची हळहळ मालिनीच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. त्यांची नजर चुकवत ती म्हणाली, "छान खेळलात हं. चहा टाकू?"