एका पेनड्राइव्हमध्ये तीन सिस्टिम

"नववीत शाळा सोडलीस, आता माझा स्टुडिओ बुडव! कॉम्प्युटरला हात लावू नकोस, दुकानवाला येऊन फॉरमॅट मारेल, सगळं पुसून नव्याने चालू करेल," आप्पा ओरडले.

"मग गुरवांच्या लग्नाचे फोटो जातील, कळतंय का?" मीही तापलो. फोटो कॉम्प्युटरवर घेतले की आप्पा कॅमेऱ्याचं कार्ड लगेच पुसतात. सगळं या बंद पडलेल्या डब्यातच होतं.

बंद कॉम्प्युटर बाहेरूनच चालू करता यावा म्हणून एकाच पेनड्राइव्हमध्ये मी तीन सिस्टिम, दोन विंडोज आणि एक लिनक्स, भरून आणल्या होत्या. तो लावला. पहिली विंडोज अडकली, दुसरीही. आप्पा वायर उपटायला आले, मी त्यांचा हात धरला. मग लिनक्स सुरू झालं आणि स्क्रीनवर हळद माखलेली नवरी हसली.

आप्पा मटकन स्टुलावर बसले. "सगळे आहेत?"

"आहेत. पेनड्राइव्हवर घेतले." नवरी आजच दुबईला निघालीय, गुरवांच्या दारात गाडी उभी आहे. चला, तिला फोटो द्यायला पळतो.